थंडीतले भाज्यांचे सार : कडवटपणा नेमका येतो कुठून?

शिशिरा — १४ डिसेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. गेल्या आठवड्यापासून इथे थंडीचा असा कडाका आहे, की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो आणि घड वाचवण्यासाठी ठिबकही सुरू ठेवावे लागते. बागेतून काकडून आलेल्या माणसाच्या हातात चहाऐवजी काहीतरी दाटसर आणि अंगात ऊब आणणारे द्यावे, म्हणून मी दर हिवाळ्यात भाज्यांचे मसालेदार सार करते. पाहुणे त्याला सूप म्हणतात, आमच्या घरात ते सारच.

चार माणसांसाठी मी पाव किलो लाल भोपळा, दोन गाजरे, दुधीचा साधारण शंभर ग्रॅमचा तुकडा, शेवग्याच्या दोन शेंगा, एक टोमॅटो आणि बोटाच्या पेराएवढी ओली हळद घेते. पाच वाट्या पाणी, दहा मिरीदाणे, दोन लवंगा आणि दालचिनीचा इंचभर तुकडा घालून हे सारे कुकरमध्ये तीन शिट्ट्यांवर शिजवते. वाफ जिरली, की शेंगांचा गर चमच्याने खरवडून काढते, साले टाकून देते आणि बाकीचे मिक्सरमधून फिरवते. नंतर दोन चमचे तुपात जिरे, हिंग, ठेचलेला लसूण आणि किसलेले आले यांची फोडणी करून त्यावर सार ओतते, आणि दाटपणासाठी दोन चमचे बाजरीचे पीठ थंड पाण्यात कालवून लावते. मग आठ-दहा मिनिटे मंद आचेवर उकळी.

पूर्वी हे छान व्हायचे. यंदा चार वेळा केले, त्यांपैकी तीन वेळा त्याला कडवटपणा आला. पहिल्या घोटाला तो जाणवत नाही. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला, अगदी घशाशी, तो रेंगाळत राहतो. माझे सासरे ऐंशीचे आहेत. त्यांनी वाटी खाली ठेवून शांतपणे विचारले, "सूनबाई, यात काडेचिराईत घातलेस का?" माझा संशय मिरीवर आहे. मिरी कधी घालावी आणि किती घालावी, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय पूर्वीसारखी ऊबही येत नाही. तिखटपणा जिभेवर लागतो आणि तिथेच विरतो.

कोकणातली_चूल — १४ डिसेंबर, रात्री ९.५२

शिशिराताई, मिरी कुकरमध्ये घालू नका, एवढे मी खात्रीने सांगेन. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला कुळीथ शिजवून त्याच्या पाण्याचे कळण करतात, आणि थंडीतापात त्याच्याइतके आधाराचे दुसरे काही नाही. माझी आई त्यात मिरी घालत असे, पण ती कळण चुलीवरून उतरवल्यावर. खलबत्त्यात दाण्यांचे दोन-तीन तुकडे होतील इतकेच ठेचायचे, भांड्यात टाकायचे आणि झाकण ठेवून पाच मिनिटे विसरून जायचे. मग झाकण उघडले, की वास आधी नाकात शिरतो आणि चव मागाहून येते.

आणखी एक. तुम्ही टोमॅटो भाज्यांबरोबरच शिजवता, त्यामुळे गाजर नीट गळत नसेल. आंबट पदार्थाच्या सहवासात भाजी आणि डाळ दोन्ही शिजायला कुरकुरतात. आमसुले असोत, चिंच असो किंवा टोमॅटो, आंबट नेहमी भाजी मऊ झाल्यावरच घालावे.

शिशिरा — १४ डिसेंबर, रात्री १०.०५

गाजराचे बारीक दाणे राहतात, हे अगदी खरे आहे. मी मिक्सरच्या पात्याला दोष देत होते.

परीक्षानळी — १५ डिसेंबर, सकाळी ७.३०

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबल्यास क्षमस्व. कोकणातली_चूल यांच्या आईची रीत अचूक आहे आणि तिचे कारणही सांगण्याजोगे आहे.

मिरीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी असतात. तिखटपणा पायपरीन नावाच्या द्रव्याचा असतो. ते सहजी उडून जात नाही, त्यामुळे कितीही उकळले तरी सार तिखट राहते. वास मात्र बाष्पनशील तेलांचा असतो आणि ती तेले वाफेबरोबर निघून जातात. कुकरच्या आतले तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, म्हणजे शिट्टी होते तेव्हा स्वयंपाकघरात दरवळणारा सुगंध हा तुमच्या सारातून वजा झालेला सुगंध असतो. मागे उरते ते नुसते बोचणारे पाणी. शिशिराताईंच्या सारातली ऊब जिभेवरच विरते, त्याचा थोडा भाग यात आहे.

आता उबेविषयी. तिखटाने शरीर खरोखर तापत असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता लागली, की ते मेंदूला भाजल्याची वर्दी देते. मिरचीतले कॅप्सायसिन हेच दार ठोठावते, हे डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पातापुतियान यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरीतले पायपरीन आणि आल्यातले जिंजरॉलही तेच दार ठोठावतात, कमी-अधिक जोराने. थंडावा ओळखणारे दार वेगळे असते आणि ते पुदिन्यातल्या मेंथॉलने उघडते. म्हणून उपाहारगृहांप्रमाणे हिवाळ्यातल्या सारावर पुदिन्याचे पान ठेवणे मला हास्यास्पद वाटते. एका हाताने शेकोटी पेटवायची आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडायची, असा तो प्रकार आहे.

ही तिखट द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तुपात विरघळतात. त्यामुळे आले तुपात परतून मग पाणी घालणे, हा तुमचा क्रम योग्यच आहे. मात्र ओले आले शिजले, की त्याचा तिखटपणा सौम्य होतो आणि त्याला गोडसर वास येतो. आले वाळवून सुंठ होते, तेव्हा त्यातल्या जिंजरॉलपासून शोगाओल तयार होते आणि ते जिंजरॉलपेक्षा जास्त तिखट असते. म्हणून मी फोडणीत ओले आले घालतो आणि गॅस बंद करताना पाव चमचा सुंठ घालतो. सुंठेची ऊब घशाच्या खाली उतरते, असा माझा अनुभव आहे. येथे मी शास्त्र सोडून जिभेवर विसंबतो.

लवंग मात्र दोनच्या वर नको. तिच्यातले युजेनॉल जीभ बधिर करते. दाढ दुखताना जे हवे असते, ते सार पिताना नको असते.

तांबडा_पांढरा — १५ डिसेंबर, सकाळी ११.१५

सरांचा प्रतिसाद वाचून आज कोल्हापुरात पुदिना विकत घेतला नाही.

विनोद सोडून सांगतो. आमच्याकडे पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात करतात, हे सर्वांना माहीत आहे, पण माझ्या घरी निम्मी मंडळी शाकाहारी असल्यामुळे आम्ही तोच मसाला दुधी, फ्लॉवर आणि कांद्याच्या पाण्यात वापरतो. खसखस आणि पांढरे तीळ भिजवून, चार काजू आणि अर्धी वाटी ओले खोबरे घालून अगदी गंधासारखे वाटतात. तुपात तमालपत्र, दालचिनी, वेलदोडा, मिरी आणि दोन हिरव्या मिरच्या मोडून घालतात, त्यावर भाजीचे गाळलेले पाणी ओततात आणि शेवटी वाटण सोडतात. वाटण घातल्यावर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर खोबऱ्याचे दूध फुटते आणि रस्सा ताकासारखा चोथापाणी होतो. दाटपणासाठी पिठाची गरजच पडत नाही. खरे सांगायचे तर साराला पीठ लावणे मला तितकेसे पटत नाही. त्याने चव दबते.

शिशिरा — १५ डिसेंबर, दुपारी १.४०

दादा, तुमचा रस्सा नक्की करून पाहीन, पण पहाटे पाच वाजता खसखस वाटण्याची हिंमत माझ्यात नाही. बाजरी घरची आहे आणि थंडीत ती पोटात असावी, असा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. आज संध्याकाळी मिरी उतरवल्यावर घालून बघते.

औषधी_पाने — १५ डिसेंबर, दुपारी ३.२०

शिशिराताई, बाकीच्या चर्चेच्या आधी एक प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटते. तुम्ही दुधी चाखून घेता का? दुधी, दोडका, काकडी आणि भोपळा या एकाच कुळातल्या भाज्या आहेत आणि त्यांच्यात कधीकधी कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये वाढलेली असतात. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्यामुळे उलट्या, जुलाब आणि रक्तस्राव होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत. दुधी चिरला, की त्याची एक पातळ चकती जिभेला लावावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि तो दुधी फेकून द्यावा. साखर, गूळ किंवा मसाला घालून तो कडवटपणा झाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या वाटीत जाणाऱ्या पदार्थाबाबत तर मुळीच नाही.

कोकणातली_चूल — १५ डिसेंबर, दुपारी ३.४५

हे फार महत्त्वाचे सांगितलेत. ही सवय पूर्वी प्रत्येक घरात होती. काकडीचे टोक कापून घासणे वगैरे त्याच सावधपणातून आलेले असावे.

शिशिरा — १५ डिसेंबर, रात्री ८.५५

आजचा निकाल कळवते. दुधी चिरताना चाखला, तो चांगला गोड होता. उरलेली फोडही मी आणि मुलाने कच्ची खाल्ली, तीही गोड. टोमॅटो वेगळा शिजवला, त्यामुळे गाजराचे दाणे राहिले नाहीत. मिरी ठेचून शेवटी घातली आणि वर झाकण ठेवले. वास असा सुटला, की बाहेरच्या खोलीतून सासरे स्वतः उठून आले.

त्यांनी घोट घेतला, थोडे थांबले आणि म्हणाले, "वास राजाचा आहे, पण काडेचिराईत अजून आहे."

म्हणजे मिरी निर्दोष आहे. मी तिची माफी मागते, पण माझे कोडे तसेच आहे.

वऱ्हाडी_ठेचा — १५ डिसेंबर, रात्री ९.३०

ताई, लसूण करपतो आहे का, ते बघा. ठेचलेला लसूण तापलेल्या तुपात पडला, की पापणी लवायच्या आत सोनेरीचा तपकिरी होतो आणि मग त्याची कडू चव सगळ्या पातेल्याला लागते. आम्ही अकोल्याकडे भोपळा, कांदा आणि टोमॅटो निखाऱ्यावर भाजून त्यांचे सार करतो. त्याला धुराचा जो वास येतो, तो कोणत्याही मसाल्याला जमत नाही. पण भाजलेल्या टोमॅटोची काळी साल काढायची राहिली, तर हाच कडवटपणा येतो, म्हणून विचारले.

दुसरा संशय ओल्या हळदीवर. ती पेरापेक्षा जास्त झाली, तर चव तुरट-कडू होते.

शिशिरा — १५ डिसेंबर, रात्री ९.४८

लसूण मी जिऱ्यानंतर गॅस बारीक करून घालते, तो पांढराच असतो. हळद पेराएवढीच असते. उद्या हळद पूर्ण वगळून पाहते.

बर्फातली_बाराखडी — १६ डिसेंबर, सकाळी ६.१०

मी कॅनडात एडमंटनला असते. इथे आज उणे २२ अंश तापमान आहे, त्यामुळे हा धागा मी हात चोळत वाचते आहे. लाल भोपळ्याच्या जागी इथला बटरनट भोपळा वापरला तर तो अधिक गोड आणि मुलायम होतो, पण त्याला आंबट जास्त लागते. शेवग्याच्या शेंगा भारतीय दुकानात गोठवलेल्या मिळतात. त्यांचा गर चांगला निघतो, फक्त शिट्ट्या एकाने कमी कराव्यात.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पहिली म्हणजे उकळते सार मिक्सरच्या भांड्यात गच्च भरून झाकण लावू नये. पाते फिरताच आतली वाफ एकदम फुगते. गेल्या वर्षी माझ्या मिक्सरचे झाकण उडाले आणि भोपळ्याचे सार छतापासून माझ्या मनगटापर्यंत सर्वत्र पोचले. मनगटावर डाग अजून आहे. आता मी सार कोमट होऊ देते, भांडे निम्मेच भरते आणि झाकणाचे मधले बूच काढून त्यावर दुमडलेले फडके धरते. दुसरी गोष्ट फ्रीझरची. आम्ही रविवारी आठवड्याचे सार करून गोठवतो. कॉर्नफ्लोअर लावलेले सार गोठवून वितळवले, की पाणी वेगळे आणि गोळा वेगळा होतो. मुगाची डाळ शिजवून घोटलेल्या साराचे तसे होत नाही. मिरी आणि सुंठ मात्र गोठवण्याआधी घालत नाही, गरम करताना घालते.

बांधावरची — १६ डिसेंबर, सकाळी १०.२५

मी संगमनेरच्या बाजूची आहे, शेती करते, या विभागात क्वचितच लिहिते. सगळ्यांनी मिरीची, दुधीची, लसणाची आणि हळदीची झडती घेतली, पण पिठाला कोणीच विचारले नाही. शिशिराताई, तुमचे बाजरीचे पीठ कधी दळून आणलेले आहे?

बाजरीचे पीठ गव्हाच्या पिठासारखे महिना-महिना डब्यात राहत नाही. आठ-दहा दिवसांत ते उतरते. भाकरीत ते लगेच कळत नाही, कारण भाकरी तव्यावर आणि निखाऱ्यावर खरपूस भाजली जाते, शिवाय बरोबर ठेचा किंवा पिठले असते. सारात मात्र लपायला जागाच नसते. आमच्या घरी आजही बाजरी पायलीने दळत नाहीत, चार-सहा दिवसांपुरतीच दळतात. माझी चुलत सासू तर पीठ मळण्याआधी चिमूटभर तोंडात टाकते आणि घटकाभर थांबते. लगेच चव घेऊन उपयोग नाही. आधी ते गोडच लागते आणि मग घशाशी खवटपणा येतो. तुम्ही केलेले वर्णन मला तंतोतंत तसे वाटले, म्हणून धीर करून लिहिले.

परीक्षानळी — १६ डिसेंबर, सकाळी १०.५०

बांधावरची, आपल्याला मनापासून नमस्कार. मी एवढा लांब प्रतिसाद खर्ची घालून मिरीचे रसायन सांगितले आणि उत्तर डब्यात होते.

आपण म्हणता ते शास्त्राशी पूर्ण जुळते. बाजरीत स्निग्धांश शेकडा पाचच्या आसपास असतो, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून अधिक. दाणा अखंड असतो, तोवर हे तेल आणि त्याचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकर एकमेकांपासून दूर असतात. जात्यात किंवा गिरणीत दाणा फुटला, की दोघांची गाठ पडते. मग तेल फुटून मेदाम्ले सुटतात, पुढे हवेशी संयोग होऊन वास आणि चव बिघडते. ऊब आणि ओल मिळाली, तर हे सारे आणखी वेगाने होते.

शिशिरा — १६ डिसेंबर, सकाळी ११.०५

आताच डबा उघडून चिमूटभर पीठ तोंडात टाकले आहे. घड्याळ लावून बसले.

शिशिरा — १६ डिसेंबर, सकाळी ११.०८

काडेचिराईत.

वऱ्हाडी_ठेचा — १६ डिसेंबर, सकाळी ११.१०

सापडला!

शिशिरा — १६ डिसेंबर, रात्री ९.२०

आता सविस्तर लिहिते. दळण नोव्हेंबरच्या मध्यावर आणले होते, त्याला महिना झाला. पहिल्यांदा सार केले, तेव्हा पीठ ताजे होते आणि तेच एक सार चांगले झाले होते, हे मला आता उमगते. त्यात भर म्हणून थंडीत पीठ सादळू नये, या हिशेबाने मी डबा फ्रिजच्या माथ्यावर मागच्या बाजूला ठेवला होता, जिथे कायम उबारा असतो. म्हणजे पीठ खवट व्हावे, याची जणू व्यवस्थाच मी करून ठेवली होती.

दुपारी गिरणीतून दोन किलो बाजरी ताजी दळून आणली आणि संध्याकाळी एकाच साराचे तीन भाग केले. एका पातेलीत पीठ घातलेच नाही, दुसरीत डब्यातले जुने घातले, तिसरीत ताजे. तीन सारख्या वाट्या सासऱ्यांपुढे ठेवल्या आणि कोणती कोणती, ते सांगितले नाही. त्यांनी पहिली वाटी "पाणचट" म्हणून बाजूला सारली. दुसरीचा घोट घेऊन माझ्याकडे नुसते पाहिले. तिसरी मात्र संपवली आणि वाटीच्या कडेला लागलेले बोटाने पुसून घेतले. ते असे फार क्वचित करतात.

जुने पीठ टाकून दिले. दोन दिवस हळदीवर आणि मिरीवर घेतलेला संशय मात्र मनाला लागून राहिला आहे.

बांधावरची — १६ डिसेंबर, रात्री ९.४०

बरे वाटले. आता एक सुधारणा सुचवते. पीठ नुसते पाण्यात कालवून न लावता आधी कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग भाजा, रंग किंचित बदलला आणि भाजक्या दाण्यासारखा वास सुटला, की उतरवा. गार झाल्यावर पाण्यात कालवा. भाजलेल्या पिठाच्या गुठळ्या कमी होतात, साराला कच्चट वास येत नाही आणि भाजून ठेवलेले पीठ कच्च्यापेक्षा चार दिवस जास्त टिकतेही. तरी महिनाभर ठेवू नका.

तांबडा_पांढरा — १६ डिसेंबर, रात्री १०.०२

पिठाने चव दबते, हे माझे म्हणणे मी अर्धे मागे घेतो. कॉर्नफ्लोअरबद्दलचे मत कायम आहे. त्याने येणारा चकचकीत बुळबुळीतपणा मला साराचा वाटतच नाही, आणि आंबट सारात ते जास्त वेळ उकळले, की परत पातळही होते.

परीक्षानळी — १६ डिसेंबर, रात्री १०.३०

शिशिराताईंचा दुसरा प्रश्न सगळे विसरलो आहोत. पूर्वीसारखी ऊब येत नाही, ही तक्रार मिरी आणि सुंठ उशिरा घातल्यावर गेली का?

दाटपणाचाही उबेशी संबंध आहे. पातळ पाण्यात वरचा थर निवला, की तो खाली जातो आणि गरम पाणी वर येते. अशा घुसळणीमुळे पेला लवकर निवतो. सार दाट असले, की ही हालचाल मंदावते आणि ते बराच वेळ गरम राहते. म्हणूनच दाट आमटीने तोंड भाजते आणि पातळ कढणाने सहसा भाजत नाही. सासऱ्यांनी "पाणचट" म्हटलेली वाटी लवकर निवलीही असणार.

शिशिरा — १७ डिसेंबर, सकाळी ६.४५

सर, तक्रार गेली. आज पहाटे स्टीलचे पेले आधी गरम पाण्याने विसळून घेतले आणि मग त्यांत सार ओतले. बागेतून आलेल्या चौघांनी पेले दोन्ही हातांत धरून ठेवले होते आणि बराच वेळ कोणीच बोलले नाही. पहिला शब्द निघाला तो "अजून आहे का?" असा होता. सुंठेची ऊब घशाच्या खाली उतरते, हे तुमचे निरीक्षणही चौघांनी न विचारता सांगितले.

बर्फातली_बाराखडी — १७ डिसेंबर, सकाळी ८.१५

माझी अडचण अशी आहे, की इथल्या दुकानात बाजरीच्या पिठाची पाकिटे मिळतात, पण ती कधी दळली, कधी जहाजावर चढली आणि किती महिने फळीवर राहिली, हे कोणालाच ठाऊक नसते. हा धागा वाचून मी घरातले पाकीट उघडले, चिमूटभर चाखले आणि तुमच्या सासऱ्यांची आठवण काढली. मी काय करावे?

बांधावरची — १७ डिसेंबर, सकाळी ९.००

अख्खी बाजरी मिळत असेल तर ती आणा. दाणा शाबूत असला, की तो कित्येक महिने टिकतो. दोन चमचे पिठासाठी गिरणी लागत नाही. मूठभर बाजरी कढईत कोमट होईपर्यंत भाजा, गार करा आणि मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलेत, तर पीठ तापते. बारीक चाळणीने चाळून घ्या. वर राहिलेली भरड खिचडीत घालता येते.

कोकणातली_चूल — १७ डिसेंबर, सकाळी ९.२०

आणि बाजरी मिळालीच नाही, तर मुगाची डाळ आहेच. चार जणांना दोन टेबलचमचे पुरते. ती भाज्यांबरोबर शिजवून रवीने घोटली, की पिठाची आठवण येत नाही. मी कालच केले. वर दोन तिरफळे किंचित ठेचून, आतले काळे बी काढून घातली. तिरफळे सर्वांना रुचतील असे नाही, जीभ चुरचुरते. आमच्या घरात निम्मे नाराज होते, निम्म्यांनी दुसऱ्यांदा घेतले.

औषधी_पाने — १७ डिसेंबर, सकाळी १०.१०

वयस्कर मंडळींना आणि पित्ताचा त्रास असलेल्यांना देताना मिरीदाणे निम्मे करावेत आणि सुंठ चिमटीनेच घालावी. ऊब हवी असते, जळजळ नको असते.

बर्फातली_बाराखडी — १९ डिसेंबर, सकाळी ७.०५

अख्खी बाजरी मिळाली. रात्री मिक्सर लावला, तेव्हा आवाज ऐकून शेजारीण काळजीने दार वाजवून गेली. मग तिलाही वाटीभर सार दिले. बटरनट भोपळा, गाजर, गोठवलेला शेवगा, भाजलेल्या बाजरीचे पीठ, उतरवताना मिरी आणि सुंठ, असे सगळे इथे सांगितल्याप्रमाणे केले. घोट घेऊन मिनिटभर थांबले. घशाशी काहीही आले नाही. शेजारणीने "अतिशय सुंदर" म्हणून वाटी संपवली आणि ती घरी गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मीठ घालायचेच राहिले होते.